कशाच्या तुलनेत सुरक्षित?

आमच्या घरी रोज रात्री नऊ वाजता एक अलार्म वाजायचा. माझ्या बायकोच्या फोनवर. त्या अलार्मला तिनं नाव दिलं होतं ‘व्हिटॅमिन’. कारण ऑफिसात फोन टेबलावर सगळ्यांसमोर पडलेला असतो, आणि कोल्हापूरला माझ्या घरी गेलो की तो हमखास माझ्या भाच्याच्या हातात असतो. व्हिटॅमिन वगैरे काही नव्हतं. गर्भनिरोधक गोळी होती. एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस थांबायचं, पुन्हा नवी स्ट्रिप. लग्नानंतर तीन वर्षं तरी मूल नको, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. ‘दोघांनी मिळून’ हे शब्द मी तेव्हा फार अभिमानानं वापरायचो.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी अलार्म वाजला, तिनं तो बंद केला आणि नवी स्ट्रिप तशीच टेबलावर ठेवून दिली.

“मला नाही घ्यायच्या आता. सिस्ट होतात यानं. मावशीला झाली होती.”

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कुणी ‘अमक्यामुळे तमकं झालं’ म्हटलं की माझा हात आपोआप लॉग्जकडे जातो. रिलीज गेलं आणि त्याच रात्री सर्व्हर पडला, म्हणजे तो रिलीजमुळेच पडला असं नसतं, हे शिकायला मला नोकरीची पहिली दोन वर्षं लागली होती. मी म्हटलं, “थांब, बघू या.” आणि लॅपटॉप उघडला.

जे सापडलं ते आधी सांगतो, कारण ते खरं आहे आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी त्याची गरज असेल.

दर महिन्याला अंडाशयात काही फॉलिकल, म्हणजे द्रवानं भरलेल्या बारीक पिशव्या, वाढायला लागतात. त्यातली एक पुढे जाते, साधारण दोन सेंटिमीटरची होते आणि फुटून स्त्रीबीज बाहेर पडतं. कधी ती फुटतच नाही, नुसती वाढत राहते. कधी फुटल्यावर मागे उरलेल्या भागात द्रव किंवा रक्त साचतं. पाळी चालू असलेल्या वयातल्या बहुतेक सिस्ट म्हणजे एवढंच. दोन-तीन पाळ्यांत त्या आपोआप जातात, आणि कित्येकींना त्या होऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही. नेहमीची गर्भनिरोधक गोळी, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असलेली, स्त्रीबीज बाहेर पडण्याची ही प्रक्रियाच थांबवते. त्यामुळे अशा गाठी उलट कमी व्हायला हव्यात, आणि तसंच दिसतं. जुन्या, जास्त डोसच्या गोळ्यांमध्ये हा फरक ठळक होता. हल्लीच्या कमी डोसच्या गोळ्यांमध्ये तो कमी झालाय. फक्त प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचं हॉर्मोनचं साधन वापरणाऱ्यांमध्ये अशा सिस्ट थोड्या जास्त दिसतात, पण त्याही बहुतेक वेळा काही न करता जातात. आणि गोळी हे सिस्टवरचं औषधही नाही. आधीच झालेली गाठ जावी म्हणून डॉक्टर गोळ्या लिहून द्यायचे, पण चाचण्यांत दिसलं ते असं की नुसती वाट पाहिली तरी ती तेवढ्याच वेळात जाते.

मग मी तिच्या आईला फोन करून मावशीच्या गाठीबद्दल विचारलं. “अहो, तिच्या गाठीत तर केस निघाले होते!” सासूबाई म्हणाल्या. केस निघाले म्हणजे ती डर्मॉइड सिस्ट. शरीरातले कुठलेही भाग बनवू शकणाऱ्या बीजपेशींपासून ती तयार होते, म्हणून तिच्यात केस, कधी दातसुद्धा सापडतात. तिचा गोळ्यांशी संबंध नाही. मावशी गोळ्या घेत होती, त्याच काळात सोनोग्राफी झाली, गाठ दिसली, आणि घरात दोन गोष्टी एकमेकींना कायमच्या चिकटल्या.

वर आणखी एक सापडलं. 2008 साली ‘लॅन्सेट’मध्ये 45 अभ्यासांची माहिती एकत्र करून एक निष्कर्ष आला: गोळी घेतलेल्या दर पाच वर्षांमागे अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका साधारण 20 टक्क्यांनी कमी होतो.

हे सगळं मी तिला व्यवस्थित समजावलं. तिनं ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाली, पाण्याचा ग्लास घेतला आणि गोळी घेतली. मी लॅपटॉप मिटला. मनातून खूश होतो. एक चुकीची समजूत मी पुराव्यानिशी दूर केली होती.

तीनेक आठवड्यांनी, भांडण वगैरे काही नसताना, भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “त्या दिवशी तू इतकं वाचलंस. पण एकदाही म्हणाला नाहीस की तुला नको असेल तर सोड, दुसरं काहीतरी बघू.”

मी म्हटलं, “पण तू सिस्टचं म्हणालीस. आणि ते बरोबर नव्हतं.”

“मला दुपारनंतर डोकं जड होतं. छाती दुखते. महिन्यातले चार दिवस उगाच रडू येतं. पण ते गोळीमुळेच होतं हे मी कुठून सिद्ध करू? सिस्ट निदान सोनोग्राफीत दिसते.”

या शेवटच्या वाक्यावर मी बरेच दिवस अडकून होतो. तिला नको होतं. पण नुसतं ‘नको’ आमच्या घरात, म्हणजे माझ्यापाशी, चाललं नसतं असं तिला वाटलं. म्हणून तिनं मला समजेल असं वैद्यकीय कारण आणलं. मी त्या कारणाची परीक्षा घेतली आणि ते नापास झाल्यावर तिच्या ‘नको’लाही नापास करून टाकलं.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. अमेरिकेत पहिल्या गोळीला, एनोव्हिडला, 1957 साली परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून. गर्भनिरोधक म्हणून ती 1960 मध्ये मिळाली. मधल्या काळात ज्या बायकांना मूल नको होतं त्यांच्याकडे डॉक्टरला सांगण्यासारखं एक कारण तयार होतं, पाळीची तक्रार. आपल्याकडेही हेच चालतं. लग्न न झालेल्या मुलीच्या पर्समध्ये स्ट्रिप सापडली तर ‘पीसीओडीसाठी घेते’ हे वाक्य तिला वाचवतं. (पीसीओएसमध्ये सोनोग्राफीत दिसतात त्या खऱ्या अर्थानं सिस्ट नसतातच, अर्धवट वाढून थांबलेली फॉलिकल्स असतात. तिथे गोळी पाळी नियमित दिसायला आणि मुरुमं, नको तिथले केस कमी करायला मदत करते, आजार मुळापासून घालवत नाही.)

आणि भीती तरी कुठे सगळ्या गोळ्यांची वाटते? आमच्या लग्नाच्या आधी पाळी पुढे ढकलायला तिला गोळ्या दिल्या होत्या. गणपतीत, सत्यनारायणाला, कुणाच्या मुंजीला, कित्येक घरांत त्या दिल्या जातात. अनेकदा डॉक्टरला न विचारता, थेट मेडिकलमधून. त्यात नॉरइथिस्टेरॉन असतं, तेही प्रोजेस्टोजेनच. तेव्हा आमच्या दोन्ही घरांतल्या एकाही माणसाला सिस्ट आठवली नव्हती. पूजेसाठी घेतलेल्या गोळीला कुणी पुरावा मागितला नाही.

त्यानंतर मी पुन्हा वाचायला बसलो. या वेळी शोधत होतो ते माझ्याच एका वाक्याचा अर्थ. त्या रविवारी मी शेवटी म्हणालो होतो, “गोळी सुरक्षित आहे.” प्रश्न असा की, कशाच्या तुलनेत?

गोळीचा खरा गंभीर धोका सिस्टचा नाही, रक्ताच्या गुठळ्यांचा आहे. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या 10,000 बायकांमध्ये वर्षाला एक ते पाच जणींना अशी गुठळी होते. गोळी घेणाऱ्यांत तीन ते नऊ जणींना. गरोदरपणात पाच ते वीस, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत हाच दर 40 ते 65 पर्यंत जातो. म्हणून डॉक्टर म्हणतात की गोळी गरोदरपणापेक्षा सुरक्षित आहे, आणि ते खरंच आहे. (पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या, ब्लडप्रेशर जास्त असलेल्या, किंवा डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेषा दिसून मायग्रेन होणाऱ्या बायकांसाठी हा हिशेब बदलतो, त्यांना ही गोळी देत नाहीत.)

तुलना चुकली की काय होतं, हेही याच गोळीनं दाखवलंय. ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की नव्या प्रकारच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे साधारण सात हजारांत एकीच्या जागी दोघी. पण लोकांनी ‘दुप्पट’ एवढंच ऐकलं. खूप जणींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे 13,000 जास्त गर्भपात झाले. आकडे महत्त्वाचे आहेत, याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

पण त्या तक्त्याकडे परत बघा. गोळीची तुलना गरोदरपणाशी आहे, आणि दोन्ही रकान्यांत शरीर एकच आहे, तिचं. मी त्या तक्त्यात कुठेच नाही. गोळी नाही तर गरोदरपण, असे दोनच पर्याय धरले की गोळी जिंकणारच. ते दोनच पर्याय कुणी धरले? त्या रविवारी आमच्या टेबलावर तरी मीच धरले होते.

इथे एक जुनी चाचणी आठवते, तुम्हीही तिच्याबद्दल मीम पाहिलं असेल. पुरुषांसाठी हॉर्मोनचं इंजेक्शन, दर आठ आठवड्यांनी एक. 320 पुरुषांवर चाचणी झाली. गर्भधारणा रोखण्यात ते बऱ्यापैकी यशस्वी होतं. पण मूड बिघडणं, मुरुमं, इंजेक्शनच्या जागी दुखणं अशा तक्रारी आल्या, काही गंभीर होत्या, आणि बाहेरच्या सुरक्षा समितीनं 2011 मध्ये ती थांबवायला लावली. निकाल 2016 मध्ये छापून आले. मीम असं होतं की पुरुषांना मुरुमं सहन झाली नाहीत. ते त्या पुरुषांवर अन्याय करणारं आहे. त्यांच्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त जण हे साधन मिळालं तर वापरू म्हणाले होते. थांबवलं ते समितीनं.

आणि समितीच्या बाजूनं एक तर्क आहे, त्याला हसून चालणार नाही. औषधाचा धोका आणि फायदा एकाच शरीरात मोजायचा असतो. बाई गोळी घेते तेव्हा गरोदरपणाचा मोठा धोका टाळते. पुरुष गरोदर राहत नाही, त्याच्या शरीराला टाळण्यासारखं काहीच नाही. त्यामुळे त्याच्या औषधाची तुलना होते शून्याशी, आणि शून्यापुढे कुठलाही दुष्परिणाम मोठाच दिसतो. माझ्या इंजिनिअर डोक्याला हे पहिल्यांदा अगदी पटलं.

मग आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचं लसीकरणाचं कार्ड पाहिलं आणि पटेनासं झालं. 2017 पासून देशात गोवर-रुबेलाची मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या मुलामुलींना, सगळ्यांना लस. रुबेला हा मुलाला झाला तर बहुतेक वेळा थोडा ताप आणि पुरळ, एवढाच आजार. तो भयंकर ठरतो गरोदर बाईला झाला तर. पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय बिघडू शकतं. म्हणजे त्या लशीतला रुबेलाचा भाग आपण एका मुलाला देतो तो मुख्यतः कुणा दुसरीच्या गरोदरपणासाठी. किडनी देणारा माणूस तर आपल्या शरीराला शून्य फायदा असताना मोठं ऑपरेशन करून घेतो, आणि वैद्यक त्याला, त्याची संमती तपासून, परवानगी देतं. तेव्हा दुसऱ्यासाठी आपल्या अंगावर थोडी जोखीम घेणं वैद्यकाला अजिबात परकं नाही. नेमकं गर्भनिरोधनाशी आलो की मात्र ‘ज्याचं शरीर त्याचा धोका’ हा नियम इतका कडक होतो. गरोदरपण एकीला येतं हे निसर्गाचं. पण त्याचा सगळा हिशेब तिच्याच खात्यात मांडायचा, हे आपलं ठरवणं आहे.

हे ठरवणं आकड्यांत दिसतं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, 15 ते 49 वयाच्या विवाहितांत स्त्री-नसबंदी 37.9 टक्के, पुरुष-नसबंदी 0.3 टक्के. बिनटाक्याची पुरुष-नसबंदी हे त्या दोहोंतलं सोपं ऑपरेशन आहे. याला इतिहासही आहे. आणीबाणीत 1976–77 मध्ये पुरुषांच्या लाखोंनी नसबंद्या केल्या गेल्या, त्यातल्या कितीतरी जबरदस्तीनं. त्याचा राग इतका मोठा होता की नंतर सगळा कार्यक्रम बायकांकडे वळला. पुरुषांच्या शरीरावर झालेली जबरदस्ती देशानं लक्षात ठेवली, आणि ते योग्यच झालं. बायकांच्या शरीराबाबत आपली स्मरणशक्ती इतकी चांगली नाही.

उदाहरणार्थ, गोळीची पहिली मोठी चाचणी 1956 मध्ये पोर्तो रिकोमधल्या गरीब वस्तीत झाली. बायकांना गर्भ राहणार नाही एवढं सांगितलं होतं. ही चाचणी आहे, हे सांगितलं नव्हतं. तिथलं काम पाहणाऱ्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं की 17 टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होताहेत आणि हे सर्रास वापरण्याजोगं नाही. गोळी घडवणारे ग्रेगरी पिंकस यांनी त्या तक्रारींतल्या बऱ्याचशा मनाचे खेळ मानल्या. पुढे डोस खूप कमी झाले, म्हणजे तक्रारी अगदीच मनाच्या नव्हत्या. 1970 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये गोळीच्या धोक्यांवर सुनावणी झाली तेव्हा साक्षीला गोळी घेणारी एकही बाई बोलावली नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या बायका उठून ओरडल्या. त्याच वर्षी पाकिटात बाईसाठी माहितीचा कागद घालणं सक्तीचं झालं. आमच्या घरातला तसा घडी घातलेला कागद मी तोवर एकदाही उघडला नव्हता.

आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं ते 1921 मध्ये, आणि ‘समाजस्वास्थ्य’ 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत चालवलं. ते गणिताचे प्राध्यापक होते. माहिती लोकांपर्यंत पोचवण्यासाठी त्यांनी नोकरी घालवली. तेव्हा माहितीच दडवलेली होती, म्हणून माहिती देणं हेच मोठं काम होतं. आज माहिती माझ्या खिशात आहे. आणि मी ती वापरली समोरच्या माणसाला गप्प करायला.

मी चूक कुठे केली, हे आता मला नीट मांडता येतं. सिस्टबद्दल मी बरोबर होतो. अजूनही कुणी म्हटलं की गोळ्यांनी सिस्ट होतात, तर मी तेच सांगेन, कारण चुकीच्या भीतीनं गोळी सोडणाऱ्या बाईचंही नुकसान होतं. पण धोका किती हे सांगणं वेगळं आणि तो कुणी घ्यायचा हे ठरवणं वेगळं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अभ्यासांत असतं. दुसऱ्याचं नसतं, आणि पहिल्याचं अचूक उत्तर दिल्यानं दुसरं ठरवण्याचा हक्क मिळत नाही.

आम्ही दोघं डॉक्टरकडे गेलो. मॅडमनी तिची सोनोग्राफी केली, सगळं ठीक होतं. मग तिला विचारलं, “गोळी बदलून बघायची की थांबायचंय?” ती म्हणाली, “थांबायचंय.” मॅडमनी ‘का’ विचारलं नाही. मी वाट पाहत होतो त्या प्रश्नाची. तो आलाच नाही.

आता कंडोम वापरतो. नेहमीच्या वापरात तो गोळीपेक्षा जास्त वेळा फसतो: वर्षाला शंभरांत साधारण 13, गोळीचे 7. म्हणजे आम्ही आकड्यांनुसार कमी चांगला पर्याय निवडलाय, आणि गरोदर राहण्याची जोखीम अजून तिचीच आहे. हिशेब बरोबरीचा झालाय असं म्हणायची माझी हिंमत नाही. आम्हाला पुढे मूल हवंय, त्यामुळे नसबंदी आज माझ्यापुढे नाही. मूल झाल्यावर ती कुणाची, हे मात्र मी सांगून ठेवलंय.

गेल्या महिन्यात तिची पाळी पाच दिवस लांबली. ते पाच दिवस मी कोड लिहिताना एकच फंक्शन पुन्हा पुन्हा वाचत होतो. दीड वर्ष रोज नऊ वाजता ती ज्याचा बंदोबस्त करत होती, ते काय होतं, हे तेव्हा थोडंसं कळलं.

नऊचा अलार्म आता वाजत नाही. तारखेचं रिमाइंडर माझ्या फोनवर असतं. तिनं विचारलं, “नाव काय दिलंयस?”

‘पाळी’ असंच लिहिलंय. मीटिंगमध्ये फोन टेबलावर असतो. दिसलं तर दिसलं.